साडेबाराचा संकल्प

"तळवे वर करा! सूर्याला दाखवा! आणि मनात म्हणा, मी रिकामा नाही, मी भरतो आहे!"

आमच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये निम्मा कारखाना तळवे वर करून उभा होता. सूर्य काही दिसत नव्हता. एक तर आभाळ भरलेलं, आणि दुसरं म्हणजे आम्ही सगळे शेडखाली होतो. त्यामुळे तळवे दाखवले जात होते ते सोलर पॅनेलच्या खालच्या बाजूला, तिथून लोंबणाऱ्या वायरींना आणि एका पक्ष्याच्या घरट्याला. घरट्यातून एक डोकं बाहेर आलं, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि ते परत आत गेलं. त्या गर्दीत शहाणं म्हणावं असं तेवढंच एक दिसलं मला.

मध्यभागी सूर्यदादा उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि गळ्यात तांब्याची चकती. त्यांच्या डाव्या हाताला आमच्या मॅनेजरसाहेबांची गाडी चार्जिंगला लावलेली होती, उजव्या हाताला स्टोअरकीपरची. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, फक्त साहेबांच्या गाडीला चार्जिंगच्या झाकणावर तशीच एक चकती चिकटवलेली.

"आकडा बघा!" सूर्यदादा म्हणाले. "हिचा पळतोय. तिचा रांगतोय. छप्पर एक, सूर्य एक, वायर एक. मग ही का भरते आणि ती का नाही? कारण ह्या गाडीला कळलंय, की ती गाडी नाही!"

"मग काय आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"ती पात्र आहे!"

टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेबांनी जोरात वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनी आणखी जोरात वाजवल्या. मी हातात चहाचा कप असल्याचं निमित्त करून वाजवल्या नाहीत. पण डोळे तर मलाही होते. चार्जिंगच्या दोन्ही मशीनवरचे आकडे मी स्वतः पाहत होते, आणि सूर्यदादा आकड्यांबद्दल खोटं बोलत नव्हते. साहेबांची गाडी खरंच भरत होती, स्टोअरकीपरची नव्हती.

मी चष्म्याच्या काचा तपासते. आयुष्य गेलं त्यात. हजारो लोकांना नीट दिसावं म्हणून मान मोडून काम करायचं, आणि शेजारी उभ्या माणसाला समोरचं दिसू नये, याचा आताशा संतापही येत नाही. नुसता थकवा येतो.

ह्या शेडची गोष्ट आधी सांगायला हवी. कंपनीनं ती बांधली तेव्हा 'तुम्ही काम करा, तुमची गाडी ऊन खाईल' असा भला मोठा फलक लावला होता. गाड्या वाढल्या, छप्पर मात्र तेवढंच राहिलं. ऊन काही साहेबांच्या हुकमानं वाढत नाही. म्हणून मशीन असं बसवलेलं, की गाडी लावली की फोनवर ते दोन गोष्टी विचारतं: कधी निघणार, आणि किती लांब जाणार. पुढे छपरावर जेवढी वीज तयार होईल तेवढी ते वाटून देतं. कशी वाटतं, ते विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. माहिती द्यायला माणूस आला होता, पण त्याच वेळी कॅन्टीनमध्ये चहा ठेवलेला होता, त्यामुळे त्याचं बोलणं खुर्च्यांनी ऐकलं.

शिवाय ही निघायची वेळ कारखान्याच्या दारातल्या मोठ्या स्क्रीनवर झळकते. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेब त्या स्क्रीनसमोर उभे राहिले आणि पॅकिंगमधल्या एकाला म्हणाले, "पाच वाजता? मजा आहे बुवा तुमची." झालं. त्या दिवसापासून एकजात सगळे रात्रीचे आठ लिहायला लागले. साडेपाचला गेटवर चेंगराचेंगरी, आणि स्क्रीनवर बघावं तर सगळा कारखाना आठपर्यंत कामात बुडालेला! मीही आठच लिहायचे. आठवड्यातून तीन दिवस तीनला निघत असूनही आठच, उलट तीनला निघते म्हणूनच आठ. चारचौघांत लवकर जाणारी बाई म्हणून नाव नको होतं.

तीनला निघायचे ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. आता त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्यात, आणि दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं. डायलिसिस. हातात दोन जाड सुया, चार तास एकाच कुशीवर, आणि घरी आले की पिळून काढलेल्या फडक्यासारखे. आई नाही. भाऊ लांब आहे आणि फोनवर फार प्रेमळ आहे. त्यामुळे मी आणि माझी गाडी.

ती गाडी हल्ली भरेनाशी झाली होती. चकतीवाल्यांच्या गाड्या दुपारपर्यंत तुडुंब, आणि माझी तीन वाजता अर्धी-कच्ची. पंखा बंद, काचा खाली, चढावर जीव मुठीत धरून मी अण्णांना नेत होते.

"तूही लाव की गं एक चकती," लेबलवाली म्हणायची. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काचांच्या पाकिटांना लेबलं लावते. माझी मैत्रीण आहे, आणि मैत्रीण म्हणजे डबा तिचा आणि जेवण माझं, अशी. "एवढा काय हट्ट? आमच्या ह्यांची गाडी बघ. चकती लावायची, मग संकल्प करायचा. वेळेच्या जागी साडेबारा लिहायचं, सूर्य माथ्यावर येतो ना, म्हणून. आणि अंतराच्या जागी मावेल तेवढा मोठा आकडा, कारण सूर्याला हद्द नसते. एवढंच!"

"आणि चकतीची किंमत?"

ती तिनं कानात सांगितली. इथे लिहायची मला लाज वाटते.

आता कुणी गाडीला तांबं लावलं तर माझं काय जात होतं? गाडीला ताप येत नाही. मी कानाडोळा केला असता. पण एका शुक्रवारी दुपारी घरी पोचले तर अण्णा बाहेर जायच्या कपड्यांत नव्हते. पलंगावर बसले होते, आणि त्यांच्या कमरेला, बरोबर किडनीवर, एक चकती बांधलेली होती.

"आज जायचं नाही," ते म्हणाले.

"कोणी दिली ही?"

"तुझी मैत्रीण घेऊन आली होती. सूर्यदादांना घेऊनच आली. फार सभ्य माणूस. म्हणाले, बॅटरी ती बॅटरी, गाडीतली काय आणि देहातली काय. महिनाभर सुई बंद ठेवायची. चकतीचं आणि सुईचं एकमेकांशी जमत नाही."

पी हळद अन् हो गोरी! मी पर्स टाकली आणि बोलत सुटले. किडनी म्हणजे काय, विष म्हणजे काय, डॉक्टर काय म्हणाले होते. हे सगळं मी आधीही कितीदा बोलले होते, वेगवेगळ्या पाल्यांबद्दल, पाण्याबद्दल, अंगठ्यांबद्दल. माझं मलाच ऐकवेना. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "मला एवढंच सांग. तुझ्या साहेबांची गाडी चकती लावल्यावर भरते की नाही?"

मी खाली पडलेली पर्स उचलली.

"तू स्वतः पाहिलंस. मागच्या आठवड्यात तूच जेवताना सांगितलंस मला."

"भरते," मी म्हणाले.

"का भरते?"

"ते मला माहीत नाही."

"मग?" अण्णा म्हणाले. "घड्याळ उघडल्याशिवाय त्यात काय बिघडलंय ते बोलू नये. तू उघडून दाखव. गाडीचं कसं होतं ते दाखव, मी निमूट सुईपुढे हात करतो. नाही दाखवलंस, तर मला माझ्या चकतीवर राहू दे."

हॉस्पिटलात फोन केला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण त्यांचा आवाज माझ्यासारखाच दमलेला असतो. "एक चुकली, ठीक आहे, पाणी कमी द्या. सोमवार मात्र चुकवू नका. छातीत पाणी चढलं की मग मला फोन करून उपयोग नाही," त्या म्हणाल्या.

म्हणजे सोमवारच्या आत मला एका चमत्काराचं झाकण उघडायचं होतं.

आमच्या कामात एक साधी रीत आहे. काचेवर डाग दिसला की नवी पोरं लगेच काच पुसायला घेतात. आम्ही आधी विचारतो, डाग काचेवर आहे, दिव्यावर आहे, की आपल्याच चष्म्यावर? मग एका वेळी एकच गोष्ट पुसायची आणि बघायचं. दोन्ही एकदम पुसल्या तर डाग जातो, पण होता कुठे ते कधीच कळत नाही. सूर्यदादांचे भक्त चकती आणि संकल्प एकदम करत होते. एक लावून दुसरं सोडून कोणी पाहिलंच नव्हतं. पाहणार तरी कोण? श्रद्धेत कोणी अर्धं करत नाही.

शनिवारी सकाळी लेबलवालीकडून चकती मागून घेतली. तिला इतका आनंद झाला की मला वाईट वाटलं. चकती झाकणावर चिकटवली आणि वेळ लिहिली नेहमीची, आठ. चहाच्या सुट्टीत जाऊन पाहिलं. आकडा नेहमीसारखा रांगत होता.

मग चकती काढली, खिशात टाकली, आणि तिच्या जागी डब्याचं स्टीलचं झाकण चिकटपट्टीनं लावलं. चुकून कोणी आलंच तर काहीतरी असावं म्हणून. फोनवर वेळ लिहिली साडेबारा, आणि अंतर भलं मोठं. मशीनसमोर उभी राहिले. एक मिनिट झालं नसेल, आकडा पळायला लागला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल, म्हणून पुन्हा आठ लिहिलं. आकडा बसला. पुन्हा साडेबारा लिहिलं. आकडा उठला. डब्याचं झाकण बिचारं काही न करता चमकत होतं.

आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली. माझा आकडा उठला, की शेजारच्या स्टोअरकीपरच्या मशीनवरचा बसत होता. माझा बसला, की त्याचा उठत होता. स्टोअरकीपरला लहान जुळी आहेत आणि रोज संध्याकाळी पाळणाघरातून तो त्यांना आणतो. दोनदा त्याची गाडी वाटेत बंद पडलेली. मी पटकन माझी वेळ बदलली. चमत्कार काही आभाळातून येत नव्हता, तो शेजाऱ्याच्या ताटातून येत होता.

त्या दिवशी मशीनची देखभाल करणारा दुरुस्तीवाला आला होता. त्याला गाठलं.

"ताई, यात चमत्कार कसला?" तो म्हणाला. "ज्याला लवकर आणि लांब जायचंय त्याला मशीन आधी देतं. ज्याला घाई नाही त्याला उरलेलं. त्यासाठीच तर विचारतं ते. सगळ्या कारखान्यांना हे आधीच सांगितलेलं असतं."

मी त्याला फोनवर सूर्यदादांचा व्हिडिओ दाखवला. तळवे, पात्र, सगळं. तो हसायला लागला आणि मग हसायचा थांबला.

"हा आमच्यातलाच आहे की! पूर्वी हाच जायचा गावोगावच्या कारखान्यांत माहिती द्यायला. फार कंटाळायचा. म्हणायचा, कोणी ऐकतच नाही रे, सगळे चहाला जातात."

मला त्या माणसाचा राग आला, आणि थोडी गंमतही वाटली. जे फुकट सांगत होता ते कोणी ऐकलं नाही. त्यावर तांब्याची चकती ठेवली तर रांग लागली. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, ते असे.

रविवारी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि आडवं झालं की धाप लागत होती, म्हणून खुर्चीतच बसून होते.

"सांगितलंस," ते म्हणाले. "दाखवलं नाहीस."

"मग उद्या चला माझ्याबरोबर."

"चल."

सोमवारी गेटवर कापडी फलक होता: 'सामूहिक संकल्प.' मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना चकत्या घेऊन दिल्या होत्या, पगारातून हप्त्यानं कापून. चहाच्या सुट्टीत शेड गच्च भरली. मी अण्णांना माझ्या गाडीतच बसवलं होतं, खिडकी उघडी ठेवून. माझ्या गाडीला अजूनही डब्याचं झाकणच होतं. वेळ मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा खरी लिहिली होती. तीन. अंतरही खरं, हॉस्पिटलपर्यंत आणि परत.

"आज ह्या शेडमध्ये एकही गाडी रिकामी राहणार नाही!" सूर्यदादांनी हात पसरले. "सगळ्यांनी साडेबारा लिहिलं?"

"लिहिलं!"

"हद्द सोडली?"

"सोडली!"

"तळवे वर!"

तळवे वर गेले. आकडे जागचे हलेनात. सगळ्यांनाच एकदम घाई, सगळ्यांनाच एकदम लांब जायचं, मग मशीन तरी काय करणार? होतं तेवढं सगळ्यांना चिमूट चिमूट वाटून ते मोकळं झालं. मॅनेजरसाहेबांची गाडी, जी रोज पळायची, तीही रांगत होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

सूर्यदादांनी डोळे मिटले. नाकानं लांब श्वास घेतला.

"इथे," ते म्हणाले, "एक गाडी उलटं कंपन सोडते आहे. एक मन बंद आहे. त्यानं सगळ्यांचा प्रवाह अडवलाय."

बोट माझ्या गाडीकडे वळलं. चोराच्या उलट्या बोंबा! पण गर्दी वळली. ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं डबा खाल्ला, ती माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्यांच्या गाडीतलं काही काढून घेतलंय.

"गाडी काढा ती शेडमधून," कोणीतरी म्हणालं. "हिला इथे जागाच देऊ नका."

"ताई, समजून घ्या," मॅनेजरसाहेब हळू आवाजात म्हणाले. "बाहेर लावा ना गाडी. सगळ्यांच्या भल्याचा प्रश्न आहे."

मला रडू येईल असं वाटलं. ते भीतीनं नव्हतं, कंटाळ्यानं होतं. पण खिडकीत अण्णांचा चेहरा होता, सुजलेला, माझ्याकडे लागलेला.

"काढते," मी म्हणाले. "आधी एक करा साहेब. तुमच्या गाडीची चकती काढा. फक्त चकती. बाकी काही बदलू नका."

"श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते!" सूर्यदादा गरजले.

साहेब घुटमळले. तेवढ्यात खिडकीतून अण्णांचा आवाज आला. धाप लागत होती, म्हणून एकेक शब्द सुटा येत होता.

"साहेब. उघडल्याशिवाय. कळत नाही."

म्हाताऱ्या आजारी माणसाला नाही कसं म्हणणार? साहेबांनी चकती उचकटली. आकड्यात काडीचा फरक पडला नाही. गर्दीत कुजबुज झाली.

"आता लावा परत. आणि फोनवर तुमची खरी निघायची वेळ लिहा."

"आठ," साहेब म्हणाले.

मागे कोणीतरी खोकलं. दुसरा हसला.

"खरी, साहेब."

साहेबांचे कान लाल झाले. "सहा," ते म्हणाले. "म्हणजे, साडेपाच."

"आणि घर किती लांब?"

"हे इथेच. पुलापलीकडे."

"तिथे तर चालत जाता येतं!" पॅकिंगवाला म्हणाला. ज्याला पूर्वी 'मजा आहे बुवा' ऐकावं लागलं होतं, तोच.

साहेबांनी खरी वेळ, खरं अंतर लिहिलं. चकती झाकणावर होती, घासूनपुसून लखलखीत. आकडा मात्र खाली गेला, आणि आजूबाजूच्या मशीनवरचे आकडे किंचित वर सरकले. ते सगळ्यांनी पाहिलं.

"चकती आहे, तरी उतरला," मी म्हणाले. "माझ्याकडे डब्याचं झाकण आहे. शनिवारी मी साडेबारा लिहिलं तेव्हा ह्या झाकणानंसुद्धा गाडी भरली होती. मशीन आपण लिहिलेली वेळ वाचतं. तांबं वाचत नाही. आणि एकाला जे जास्त मिळतं, ते दुसऱ्याचं कमी होतं. छप्पर तेवढंच आहे."

"पोकळ तर्क!" सूर्यदादा म्हणाले. "आज ढग आहेत. सूर्य आज कोणालाच देत नाहीये!"

तेव्हा लेबलवाली बोलली. ती शेडच्या टोकाला, पाहुण्यांच्या जागेपाशी उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "तुमची गाडी तर भरतेय की."

सगळे तिकडे वळले. पाहुण्यांच्या जागी सूर्यदादांची पांढरी गाडी लावलेली होती. तिच्या मशीनवरचा आकडा धावत होता.

"बघा!" सूर्यदादांना हायसं वाटलं. "याला म्हणतात साधना!"

"वेळ काय लिहिलीत तुम्ही?" लेबलवालीनं विचारलं.

ते आपल्या गाडीकडे सरकले. पॅकिंगवाला धावत दारातल्या स्क्रीनकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "पाहुणे, साडेअकरा!"

आम्हाला साडेबारा सांगून स्वतः आमच्या एक तास पुढे जाऊन उभा राहिला होता हा सूर्याचा लाडका. मग मात्र शेडमध्ये जो हशा पिकला, त्यानं ते घरट्यातलं डोकं पुन्हा बाहेर आलं. सूर्यदादा फोन कानाला लावून, "हो हो, निघालोच," म्हणत गाडीत बसले. वायर काढायला विसरले, म्हणून परत उतरावं लागलं. फोन वाजलेला कोणी ऐकला नव्हता.

लेबलवाली माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पडला होता.

"अण्णांना मीच आणून दिली गं," ती म्हणाली. "तुझी धावपळ बघवत नव्हती."

"माहितेय मला," मी म्हणाले. तिच्यावर रागवायला माझ्यात जोर नव्हता, आणि रागवावं असं वाटलंही नाही. फसवणाऱ्याला नेहमी कोणाचं तरी प्रेमच हाताशी लागतं.

स्टोअरकीपरनं माझ्या मशीनकडे पाहिलं. "ताई, तीनला निघायचंय ना तुम्हाला? एवढ्यात कसं पोचणार? अरे, खऱ्या वेळा लिहा रे सगळे!"

पॅकिंगवाल्यानं पहिल्यांदा लिहिली. पाच. मग आणखी एकानं साडेपाच. एक जण तर रोज चालत यायचा, गाडी फक्त चकतीसाठी आणली होती, त्यानं वायरच काढली. दारातल्या स्क्रीनवरचे साडेबारा एकेक करत बदलत गेले, पाच, साडेपाच, सहा. शेड उभी राहिल्यापासून पहिल्यांदाच त्या स्क्रीनवर खरं काहीतरी लिहिलं जात होतं. साहेब समोर उभे राहून ते वाचत होते, आणि या वेळी कुणाला 'मजा आहे' म्हणत नव्हते.

माझ्या मशीनवरचा आकडा चालायला लागला.

"माझी गाडी घेऊन जा ताई," साहेब म्हणाले. "शनिवारची भरलेली आहे, पुरेल."

"नको," अण्णा खिडकीतून म्हणाले. "हीच भरू दे. मला बघायचंय."

आणि ते बघत बसले. एकेकाळी घड्याळ जोडून झाल्यावर काटा सरकतोय का हे बघत बसायचे तसे. मग त्यांनी शर्ट वर केला, कमरेची चकती सोडली आणि माझ्या हातात दिली. चकतीच्या जागी कातडीवर हिरवट डाग पडला होता.

तीनला आम्ही निघालो. चढ लागला तरी पंखा चालू होता.

"खरं सांगू पोरी?" अण्णा म्हणाले. "माझा विश्वास नव्हता. चकतीत काय चालणार आहे ते मला नाही कळणार? आतमध्ये एक चाकसुद्धा नाही. पण त्या माणसानं म्हटलं, महिनाभर सुई नको. ते एवढं गोड वाटलं ना. मी थकलो होतो गं."

"मीही थकलेय अण्णा," मी म्हणाले. हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

"दिसतं मला," ते म्हणाले. चढ संपल्यावर म्हणाले, "घरी बसलो असतो तर तुझी सुटका झाली असती, असंही एकदा मनात आलं होतं."

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. त्यांचा हात धरला, सुयांनी गाठाळलेला. डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेत, त्या कातडीखाली, रक्त झुळझुळताना बोटांना कळतं. मग आम्ही पुढे निघालो. हॉस्पिटलात त्यांनी बोलल्याप्रमाणे निमूट हात पुढे केला, डॉक्टरीणबाईंनी सुई लावली, आणि चार तास मी शेजारी बसून राहिले. पुढच्या बुधवारीही तेच करायचं होतं, आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

सूर्यदादा संपलेले नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी शेडखाली आज तळवे वर असतील, आणि उद्या चकतीच्या जागी काचेचा मणी येईल. थकलेली माणसं आहेत तोवर त्यांना गिऱ्हाईक आहे. म्हणून हुशार लोकांना मी काही सांगत नाही, त्यांना सगळं माहीत असतं. जे माझ्यासारखे दमलेत, त्यांनाच सांगते. चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका, आणि नमस्कारही करू नका. त्यातली एक गोष्ट काढा आणि बघा, तो उरतो का. मग दुसरी काढा. आणि कुणी म्हणालं, ह्यानं तुमचं भरेल, तर आधी विचारा, कुणाचं रिकामं होईल. ते विचारायला फार शिकलेलं असावं लागत नाही. दमलेल्या माणसालाही तेवढं जमतं.